फ्लेमिंगोच्या रील्स, एआयची चित्रं आणि नक्की हलवायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरूळ-सीवूड्स भागातल्या पाणथळ जागांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटातल्या ताई विचारतात: "आम्ही एआयने फ्लेमिंगोंची चित्रं आणि क्लिप्स करून रील्स टाकल्या. पहिल्या काहींना भरपूर व्ह्यूज आले, मग घसरण लागली. खाडीकाठच्या आमच्या फेऱ्यांना माणसं तेवढीच येतात. आता शाळांमध्ये दाखवायला पाचेक मिनिटांची फिल्म करायची आहे. बजेट नाहीच म्हणा. कुठलं टूल घ्यावं? मोशन डिझाइन शिकावं लागेल का? आणि एखाद्या प्रसिद्ध आवाजात एआयने निवेदन केलं तर चालेल का?"

ताई, तुम्ही पाठवलेल्या तिन्ही रील्स बघितल्या. टूलचं नंतर बोलू, ते सगळ्यात सोपं आहे आणि सहा महिन्यांनी बदलणारही आहे. मी टीव्ही प्रोमोंपासून सुरुवात करून आज ऐरोलीत घरूनच मोशनची, म्हणजे चित्रं आणि अक्षरं हलती करण्याची, कामं करतो, आणि टूल बदलल्याने घसरलेले व्ह्यूज वर आलेले मी फारसे पाहिलेले नाहीत.

आधी घसरणीबद्दल. तुमच्या रील्समधला प्रत्येक शॉट जवळपास सारख्याच लांबीचा आहे. हे तुम्ही ठरवलेलं नाही, टूलने ठरवलंय. एआय व्हिडिओ टूल्स साधारण पाच ते दहा सेकंदांचे तुकडे देतात, आणि क्रेडिट (टूलचे आगाऊ विकत घेतलेले गुण) मोजून घेतलेला तुकडा कापायला हात धजत नाही. मग पाच सेकंद, पाच सेकंद, पाच सेकंद. बघणाऱ्याला हे सांगता येत नाही, पण तिसऱ्या शॉटला त्याचा अंगठा वर सरकतो. तुकडा विकत घेतला म्हणजे तो सगळा वापरायचा असं नाही. पाच सेकंदांतले बहुधा मधले दीड-दोन सेकंदच कामाचे असतात. सुरुवातीला चित्र अजून थिजलेलं असतं आणि शेवटाकडे पक्ष्यांचे पाय वितळायला लागतात. मधलं उचला, बाकी टाका. एक शॉट सव्वा सेकंदाचा, पुढचा चारचा, मग अर्ध्या सेकंदाचे दोन. नुसतं एवढं केलंत तरी त्याच क्लिप्स वेगळ्या वाटतील.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुमच्या मधल्या रीलमधला तो सूर्यास्ताचा शॉट घ्या. कॅमेरा मागे सरकतोय, ढग पळतायत, पाणी चमचमतंय, थव्यातला प्रत्येक पक्षी मान हलवतोय आणि त्यावर वरून 'आपली खाडी, आपला वारसा' ही अक्षरं फिरत फिरत आत येतायत. आता सांगा, डोळ्याने कुठे बघायचं? आपला डोळा हालचालीमागे जातो, अगदी कोपऱ्यातल्यासुद्धा. सगळंच हललं की त्याला निवड उरत नाही, आणि निवड नसलेला डोळा पुढच्या रीलवर जातो. पूर्वी एक पान हलवायलाही आम्हाला अर्धा दिवस लागायचा, म्हणून कुठलं पान हलवायचं ते आधी ठरवावंच लागायचं. आता एका ओळीच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे टूलला लिहिलेल्या सूचनेवर, अख्खं जंगल डोलतं. त्यामुळे मोशन डिझाइनचं काम उलट झालंय: काय स्थिर ठेवायचं ते ठरवणं.

तोच शॉट असा करून बघा. कॅमेरा पक्का. ढग नाहीत, पाणी जवळजवळ स्थिर. सगळे पक्षी माना खाली घालून चरतायत. दोन सेकंद काहीच होत नाही. मग उजवीकडच्या एकाच पक्ष्याची मान झटकन वर येते आणि तो आपल्याकडे बघतो. अक्षरं त्यानंतर, न फिरता, जागच्या जागी उमटतात. बघणारा त्या मानेसाठी थांबलेला असतो आणि ती वर आल्यावर आणखी काय होतंय म्हणून थांबतो.

प्रॉम्प्टमध्ये 'कॅमेरा हलवू नको' असं लिहून भागत नाही, ही जाता जाता सूचना. नकार बऱ्याच टूल्सना नीट कळत नाही, उलट तो शब्द वाचून ते कॅमेरा हलवतात. 'लॉक्ड शॉट, ट्रायपॉडवरचा स्थिर कॅमेरा' असं होकारार्थी लिहा. आणि नुसत्या शब्दांतून व्हिडिओ मागण्यापेक्षा आधी एक स्थिर चित्र पक्कं करून त्यावरून व्हिडिओ करा. काही टूल्समध्ये पहिली आणि शेवटची फ्रेम दोन्ही देता येतात. मान खाली असलेलं एक चित्र, मान वर असलेलं दुसरं. मग टूलला मधल्या मध्ये भरकटायला जागा कमी मिळते.

हालचालीच्या जातीबद्दलही थोडं. एआयची हालचाल बहुतेक वेळा एकसारखी, तरंगती असते, जणू सगळं पाण्याखाली चाललंय. खऱ्या पक्ष्याचं तसं नसतं. तो थांबतो, थांबतो, मग झटका, मग पुन्हा थांबतो. आफ्टर इफेक्ट्स या मोशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोन की-फ्रेम, म्हणजे हालचालीच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण, टाकल्या की पहिलं काम म्हणून ग्राफ उघडून वेग वाकवतो, त्याला ईझिंग म्हणतात: सुरुवातीला हळू, मध्ये वेगात, शेवटी पुन्हा हळू. एआयच्या क्लिपलाही हेच करता येतं. एडिटिंगमध्ये स्पीडचा आलेख मिळतो. मान वर येण्याआधीची फ्रेम अर्धा सेकंद धरून ठेवा आणि उचलण्याचा भाग दीडपट वेगात जाऊ द्या. फक्त फ्रेम रेटकडे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याकडे, लक्ष असू द्या. बरीच टूल्स २४ फ्रेमने क्लिप देतात, फोन ३० ने शूट करतो. दोन्ही एका टाइमलाइनवर नुसते ठेवले की आडव्या सरकत्या शॉटमध्ये बारीक हिसके बसतात. प्रोजेक्ट सुरू करतानाच एक आकडा ठरवा.

आता तुम्ही विचारलेलं नाही ते सांगतो, कारण माझ्या मते तुमचं खरं नुकसान तिथे होतंय.

तुमचे फ्लेमिंगो आपले नाहीत. रंग बघा, जवळजवळ शेंदरी. तो अमेरिकन फ्लेमिंगोचा रंग, कॅरिबियन बेटांकडचा. इंटरनेटवर, प्राणिसंग्रहालयांत, वाढदिवसाच्या फुग्यांवर सगळीकडे तोच असल्यामुळे टूलला फ्लेमिंगो म्हटलं की तोच सुचतो. ठाण्याच्या खाडीत येतात ते दोन: लेसर, म्हणजे लहान रोहित, आणि ग्रेटर, म्हणजे मोठा. मोठा बराचसा पांढरा, फिकट गुलाबी, चोच गुलाबी आणि टोक काळं. लहान जरा जास्त गुलाबी, पण चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटणारी. पिल्लं आणि कोवळे पक्षी तर करडे. तुमच्या उडत्या थव्याचे पंख अखंड गुलाबी आहेत. खऱ्या फ्लेमिंगोने पंख उघडले की मागची अख्खी कड काळी दिसते, आणि उडताना मान पुढे, पाय मागे, अशी एक सरळ रेघ होते. तुमच्या क्लिपमध्ये मान बगळ्यासारखी दुमडलेली आहे. मागच्या इमारतीही पाम बीच रोडच्या नाहीत, दुबईच्या वाटतात.

तुम्ही म्हणाल, एवढं कोण बघतं? तुमच्या फेरीला येऊ शकणारा माणूस बघतो. नेरूळच्या टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे कॅमेरा घेऊन उभा राहणारा बघतो, करावे-दिवाळ्याचा कोळी बघतो, डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) तलावाशेजारी राहणारी आजी गॅलरीतून रोज खरे पक्षी बघते. दिल्लीच्या कुणाला शेंदरी थवा आवडला आणि त्याने हार्ट दिलं, तर तो नेरूळला येणार नाहीये. सुरुवातीला भरपूर व्ह्यूज आले तरी फेरीतली माणसं वाढली नाहीत, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: ज्याचा फोटो काढता येतो ते एआयने बनवू नका. फ्लेमिंगो नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत तुमच्या दारात असतात. आपल्या भागात उत्तम पक्षी-छायाचित्रकार आहेत. त्यांच्याकडे फोटो मागा, नाव द्या आणि तो फोटो हलवणार असाल तर तेही आधी विचारा. हलवतानासुद्धा फोटो थेट व्हिडिओ टूलमध्ये घालू नका, नाहीतर पक्षी कधीच करत नाही ते तो तिथे करायला लागेल. त्यापेक्षा पक्षी कापून वेगळ्या लेयरवर (थरावर) घ्या, मागे पडलेलं भोक एआयकडून भरून घ्या, कांदळवन तिसऱ्या लेयरवर, आणि तिन्ही किंचित वेगवेगळ्या गतीने सरकवा. पक्षी खराच राहतो, चित्राला खोली येते. पॅरलॅक्सची ही युक्ती जुनी आहे आणि अजून मोठ्या पडद्यावर छान चालते.

आणखी एक फुकटची हालचाल तुमच्याकडे आहे: भरती-ओहोटी. साधा फोन ट्रायपॉडवर बांधा, टाइमलॅप्स लावा, नेरूळ जेटीजवळ चिखलपट्टी पाण्याखाली जाताना टिपा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ दिवसेंदिवस एकेक फ्रेम टिपून दाखवली होती आणि ती बघूनच त्यांच्या सिनेमासाठी पैसे लावायला माणूस तयार झाला. डोळ्याला एरवी न दिसणारी गती दाखवली की माणूस थांबतो, तेव्हाही आणि आताही.

मग एआय कुठे वापरायचं? जिथे कॅमेरा पोचत नाही तिथे. तुमच्या फिल्ममध्ये अशा दोन जागा मला दिसतात, आणि दोन्हींत दाखवण्यासारखं खूप आहे.

पहिली जागा चोचीच्या आत. लहान फ्लेमिंगो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, म्हणजे वरचा जबडा खाली. जीभ दट्ट्यासारखी भराभर मागे-पुढे होते, पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्यांत सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ अडकतं. त्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळेच पक्षी गुलाबी होतो. सहावीच्या मुलाला हे एकदा दिसलं की तो विसरणार नाही. पण हा शॉट 'फ्लेमिंगोच्या चोचीचा आतला भाग' असा एका प्रॉम्प्टमध्ये मागाल तर टूल दात असलेलं काहीतरी भयानक देईल. तो तुकड्यांत बांधा. चोचीचा उभा छेद आधी पक्ष्यांच्या अभ्यासकाला विचारून कागदावर काढा. त्या रेखाटनाचा फोटो आधार म्हणून देऊन एआयकडून फक्त पोत घ्या: चिखलाचं पाणी, चोचीची खरबरीत कातडी, जिभेचा ओला गुलाबी रंग. जीभ वेगळा लेयर, दाते वेगळा, शेवाळाचे कण वेगळे. हालचाल तुम्ही द्या, एआयने नाही. जीभ मागे गेली की कण आत येतात, पुढे आली की पाणी बाहेर जातं आणि कण दात्यांत राहतात. हा क्रम चुकला तर शॉट सुंदर असूनही खोटा ठरतो, आणि हा क्रम टूलला माहीत नाही. पहिली फेरी अगदी संथ दाखवा, मुलांना कळू द्या, दुसरीत वेग वाढवा, तिसरीत खऱ्यासारखी फडफड. आणि शेवटी एक-दोन कण राहिल्यावर त्या कणाचा हिरवट रंग हळूहळू गुलाबी होत पिसापर्यंत नेला, तर रंगद्रव्याचं वेगळं निवेदन लिहायची गरजच नाही.

दुसरी जागा म्हणजे नवी मुंबईच्या आधीची खाडी. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. त्याआधीची मिठागरं, भातशेती, आगरी-कोळी गावं, होड्या. याचे फोटो कमी आहेत, म्हणून एआयचा मोह होणारच. इथे मात्र फोटोसारखं चित्र अजिबात करू नका. 'जुनं बेलापूर' म्हणून पिवळसर केलेलं एआयचं चित्र महिन्याभरात कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खरा जुना फोटो म्हणून फिरेल, आणि परत तुमच्याकडेच येईल. ते कोळशाच्या किंवा शाईच्या रेखाटनासारखं ठेवा, कागदाचा पोत दिसू द्या, रेघ थोडी थरथरू द्या. सेकंदाला बारा चित्रं, प्रत्येक दोन फ्रेम धरलेलं, एवढी कमी गती ठेवली की हाताने काढल्याची जाणीव टिकते आणि हे कल्पनाचित्र आहे हे न सांगता कळतं. त्यावर गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा खरा आवाज लावा. फोनवर रेकॉर्ड केलेला, मध्ये खोकला आलेला, आगरी बोलीतला. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगायचे. चित्र स्थिरच असायचं, गती आवाजात असायची. तुमचा हा भाग तसा बांधला तर एआयची चारच चित्रं पुरतील.

यातून प्रसिद्ध आवाजाचं उत्तरही मिळालं असेल. नको. नैतिक बाजू सोडा, कायद्यानेही अंगाशी येईल. अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलेवरून २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांच्या बाबतीत २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षणाचे आदेश दिलेले आहेत. गावातल्या आजोबांचा आवाजही परवानगीनेच घ्या, आणि 'दोन वाक्यं राहिली' म्हणून त्यांच्या आवाजाची एआय नक्कल करू नका. पुन्हा जाऊन रेकॉर्ड करा, चहाही मिळेल.

शाळेच्या हॉलचं गणित रीलपेक्षा वेगळं असतं. रील उभी, १०८० बाय १९२०, आणि तिचा खालचा भाग कॅप्शन आणि बटणांखाली झाकला जातो. हॉलचा पडदा आडवा. एकच चित्र दोन्हीकडे कापून वापरू म्हटलं की कुठेतरी चोच जाते नाहीतर पाय जातात. म्हणून प्रत्येक शॉट तयार करण्याआधी तो कुठे जाणार ते ठरवा. दुसरं, शाळेचा प्रोजेक्टर फिका असतो आणि खिडक्यांना पडदे असतीलच असं नाही. फिकट गुलाबी पक्षी करड्या आकाशावर तुमच्या लॅपटॉपवर देखणा दिसेल, हॉलमध्ये दिसणारच नाही. पक्ष्यामागे गडद कांदळवन येईल अशी चित्रं निवडा. फिल्म पूर्ण व्हायच्या आधी एकदा त्याच प्रोजेक्टरवर, दुपारी, शेवटच्या बाकावर बसून बघा.

अक्षरांबद्दल फार बोलत नाही: देवनागरी मजकूर एआय चित्रात कधीच बनवून घेऊ नका. रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी कुठेही चिकटते. नवी टूल्स सुधारली आहेत, तरी 'पाणथळ'चं 'पाणथल' झालेलं मुलांना आधी दिसतं. अक्षरं नेहमी एडिटिंगमध्ये, युनिकोड फॉन्टमध्ये टाका. आणि एकेक अक्षर उडत येणारे तयार इफेक्ट देवनागरीत वापरू नका, मात्रा अक्षरापासून सुटून वेगळी उडते. शब्द अखंड आणा.

आता टूल. चित्रांसाठी गुगलचं जेमिनी किंवा अडोबी फायरफ्लाय, व्हिडिओसाठी रनवे, क्लिंग किंवा गुगलचं व्हिओ, यांतलं जे परवडेल ते एका महिन्यापुरतं घ्या आणि सगळे शॉट कागदावर ठरवून त्याच महिन्यात उरका. वर्षाची वर्गणी घेऊ नका. लेयर हलवायला आफ्टर इफेक्ट्स नसेल तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे, त्यात लेयर हलवायचा फ्यूजन हा भाग येतो. मोशन डिझाइन पूर्ण शिकायची गरज नाही. की-फ्रेम, ईझिंग आणि मास्क (चित्रातला हवा तेवढाच भाग वेगळा काढणं) या तीन गोष्टी हाताखाली आल्या की तुमची फिल्म होते. गटात बारावीतला एखादा मुलगा-मुलगी असेल तर त्याच्यावर सोपवा, आठवड्यात शिकेल.

लेबल लावाच. यूट्यूबने मार्च २०२४ पासून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम दृश्यांची माहिती देणं बंधनकारक केलंय, इन्स्टाग्राम-फेसबुकवाली मेटा कंपनीही अशा मजकुरावर एआयची खूण दाखवतं, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये लेबलबाबतचा मसुदा काढून फेब्रुवारी २०२६ मध्ये तसे नियम लागू केले आहेत. पण तुमच्यासाठी कारण वेगळं आहे. उद्या तुम्ही एखाद्या तलावात टाकलेल्या राडारोड्याचा किंवा दिव्याच्या खांबाला धडकून मेलेल्या पक्ष्याचा खरा व्हिडिओ टाकाल, तेव्हा समोरचा सहज म्हणेल, 'हे तर एआयवाले.' म्हणून चोचीच्या शॉटवर आणि जुन्या खाडीच्या रेखाटनांवर 'एआयच्या साहाय्याने काढलेलं' असं कोपऱ्यात स्पष्ट लिहा, आणि तुमच्या पानावर पुरावा म्हणून टाकायच्या व्हिडिओला एआयचा हातही लावू नका. रंग सुधारायलासुद्धा नाही.

राहिला प्रश्न माणसं फेरीला आणण्याचा. इन्स्टाग्रामवर रील कुठल्या सेकंदाला लोक सोडून जातात त्याचा आलेख मिळतो, तो बघा आणि जिथे घसरतो तिथला शॉट बदला. पण शेवटची फ्रेम जास्त महत्त्वाची. 'निसर्ग वाचवा' ऐवजी तिथे येत्या शनिवारची भरतीची वेळ, भेटायची जागा आणि 'दुर्बीण आमच्याकडे आहे' एवढं लिहा. भरतीला चिखलपट्टी बुडाली की पक्षी आतल्या तलावांकडे सरकतात, हे तुम्हाला माहीत आहे, बघणाऱ्याला नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची भरती दिवसाच्या उजेडात येते ते दिवस कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवा आणि रील्स त्यांच्या दोन-तीन दिवस आधी टाका. आलेल्या माणसांना, कुठला शॉट बघून आलात, असं विचारून वहीत लिहून ठेवा.

चोचीच्या शॉटचा स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रांतला क्रमवार आराखडा, आधी पेन्सिलीने काढून त्याचा फोटो पाठवलात, तर क्रेडिट खर्च व्हायच्या आत जिभेचा आणि कणांचा क्रम तपासून देईन.